रेस्क्यू टीममध्ये नवीन आहात? या चुका टाळा

जुलै महिना, शनिवारची रात्र. ग्रुपवर मेसेज पडतो: "घाटात एकजण दरीत पडलाय, कोण येतंय?" पाच मिनिटांत चाळीस जणांचं 'मी येतो' येतं, आणि त्यातले दहाजण कुणाला न विचारता गाडी काढतात. इथेच पहिली चूक होते. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र असोत, खोपोलीचे यशवंती हायकर्स असोत की महाबळेश्वर ट्रेकर्स, या रेस्क्यू टीममध्ये काम वाटून दिल्याशिवाय कुणी कड्याकडे जात नाही. वाडीच्या अरुंद रस्त्यावर बिनकामाच्या गाड्या लागल्या की अँब्युलन्सला वळायलाही जागा उरत नाही. नाव घेतलं तरच निघा, पोचल्यावर आधी हजेरी लावा.

दम किती आहे याचा अंदाज चुकणं ही दुसरी चूक. २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर गाडी जात नव्हती. पावसात, चिखलात सगळ्यांना चढूनच जावं लागलं. त्या चढणीत नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका जवानाचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. ताप असेल, झोप झाली नसेल, तर लीडरला सांगा आणि खाली थांबून नोंदी ठेवा. ते कामही कुणीतरी करावंच लागतं.

शोध घेताना सर्वांत जास्त बिघडतं ते हाका मारण्यात. वीस जण एकाच वेळी नाव घेऊन ओरडतात आणि जखमी माणसाचं क्षीण उत्तर कुणालाच ऐकू येत नाही. एकाने शिट्टी मारायची, मग मिनिटभर सगळ्यांनी गप्प राहायचं. बूटही हलवायचा नाही. संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या आणि तिला उत्तर तीन, हे डोक्यात पक्कं असू द्या. आवाज आला तरी लगेच धावू नका. कड्यावर आपटून तो भलतीकडून आल्यासारखा वाटतो, म्हणून दोन वेगळ्या जागांवरून ऐका. माणूस शेवटचा जिथे दिसला तिथे गर्दी करून पावलांच्या खुणाही तुडवू नका.

आणि गावकऱ्यांना विचारा! जीपीएस हातात आल्यापासून आपल्याला हे सुचतच नाही. वाट चुकलेला माणूस कुठल्या ढोरवाटेने खाली घसरतो, कुठल्या ओढ्यापाशी अडकतो, हे तिथल्या ठाकर-कातकरी म्हाताऱ्याला नकाशापेक्षा जास्त कळतं.

जखमी सापडल्यावर त्याला उठवून बसवायची घाई होते. उंचावरून पडलेल्याच्या मणक्याला इजा असू शकते, म्हणून दरडी कोसळत नसतील तर मान-पाठ हलवू नका. डोक्याला किंवा पोटाला मार असेल तर पाणीसुद्धा पाजू नका. पावसात मात्र तो थंडीने गारठत असतो, हे विसरलं जातं. खाली कोरडी मॅट सरकवा, वरून प्लास्टिक घाला, वारा अडवा.

स्ट्रेचर जड जातंय? सहाजणांनी तासभर वाहायचं ठरवलं तर जाणारच. मागे तीन पाळ्या पुरतील एवढी माणसं ठेवा, थकण्याआधीच हात बदला. निसरड्या उतारावर मागून दोर लागतोच. तो स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा हवा. क्लाइंबिंगचा डायनॅमिक दोर वजनाने ताणला जातो आणि स्ट्रेचर वरखाली हिंदकळतं. हेल्मेट सगळ्यांना, अगदी 'मी कडेला उभा आहे' म्हणणाऱ्यालाही. आग्या मोहोळ दिसलं तर टॉर्च त्यावर मारू नका, धूर तर नकोच.

एक गोष्ट नव्यांना आधी कुणी सांगत नाही. पुष्कळदा आपण वर काढतो तो मृतदेहच असतो. २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, ३० जण गेले, एक वाचला. त्या दरीत उतरलेल्यांचं काम कसलं असेल ते तुम्हीच बघा. झोप लागत नसेल तर टीममधल्या जुन्या माणसाशी बोला. फोटो मात्र कुठेही टाकू नका. घरच्यांना आपल्या माणसाची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून कळू नये.

घरी आल्यावर दोर तसाच गुंडाळून ठेवू नका. साध्या पाण्याने चिखल धुवा, सावलीत वाळवा, हाताने इंच-इंच चाचपून बघा. कुठे मऊ लागला तर तो दोर बाद.