गुलछडीच्या सरीत पाणी उभं राहू देऊ नका

मृगाचं आभाळ भरून यायच्या आत एक काम उरका. फावडं घ्या, गुलछडीच्या प्लॉटच्या सर्वांत सखल कोपऱ्यात जा आणि पाण्याला बाहेर पडायची वाट करून द्या. खत, खुरपणी, फवारणी सगळं नंतर. पुनर्वसू-पुष्याच्या झडीत कुजून बसलेले प्लॉट मी दरवर्षी बघतो. बहुतेक ठिकाणी चूक तीच असते: चर काढायचा राहिलेला.

गुलछडी म्हणजेच निशिगंध. तो मूळचा मेक्सिकोचा, बांधावरच्या घायपाताचा जवळचा भाऊबंद. घायपात मुरमाड उतारावर फोफावतो, दलदलीत कुणी पाहिलाय? गुलछडीच्या कंदाचा स्वभावही तोच. पाणी हवं, पण वाहतं. पुणे, नाशिक, सांगली भागात हलक्या-मध्यम जमिनीत हे पीक वर्षानुवर्षं छान येतं, आणि शेजारच्याच काळ्या रानात एका पावसाळ्यात जातं. काळं रान असेल तर सपाट वाफे नकोतच. गादीवाफा किंवा सरी-वरंबा करा, कंद वरंब्यावर लावा आणि प्रत्येक सरीचं तोंड चराला जोडा. सरी नुसती बांधापर्यंत नेऊन सोडली तर ते तळंच झालं.

पाणी साचलं की आधी मुळं गुदमरतात, मग बुंधा कुजायला लागतो. खालची पानं पिवळट पडतात, सैल होतात, हलकं ओढलं तरी हातात येतात. बुंध्याशी पांढरे धागे दिसतील आणि त्यात मोहरीसारखे गोल तपकिरी दाणे. ते बुरशीचे दाणे आहेत, मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. असं झाड आजूबाजूच्या मातीसकट उचलून रानाबाहेर न्या. सरीत टाकू नका, उकिरड्यावर तर मुळीच नको. तेच शेणखत उद्या रानात परत येणार. उरलेल्या झाडांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक, १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम, आळवणी करा, म्हणजे मुळाशी ओता. पण आधी चर. साचलेल्या पाण्यात औषध ओतणं म्हणजे पैसे ओतणं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर पावसाआधी शेणखतात मुरवून द्या. तांब्याच्या औषधाबरोबर एकाच वेळी दिला तर तो मरतो.

पान पिवळं दिसलं की आपला माणूस ते खिशात घालून दुकानात जातो. दुकानदार पान बघतो, मुळं कोण बघणार? मग ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, वर एखादी फुलं वाढवणारी महागडी बाटली. कुणी युरियाची मूठ टाकायला सांगतो. पाण्यात बसलेल्या झाडाला युरिया दिला की पान लुसलुशीत होतं आणि कूज आणखी पळते. दुकानाची पायरी चढण्याआधी एक झाड उपटा, मुळं धुवा. काळी, मऊ, वास येणारी असतील तर पाणी. गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक अळ्या. त्याला निंबोळी पेंड, झेंडूची फेरपालट आणि पुढच्या लागवडीला शृंगार वाण, तो बऱ्यापैकी तग धरतो. मुळं पांढरी स्वच्छ असतील तरच खताचा विचार करा.

माझा एक ठोकताळा आहे, कुठल्या पुस्तकात सापडणार नाही: पाऊस थांबल्यावर दुसऱ्या सकाळीही सरीत बेडूक ओरडत असतील तर चर उथळ आहे. वीतभर अजून खोल घ्या.

बाकीची नेहमीची कामं:

- लागवड एप्रिल-मे. विश्रांती झालेले, २० ते ३० ग्रॅमचे निरोगी कंद
- कंद कॅप्टन या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून, सावलीत सुकवून लावणे
- खोली ५ ते ७ सें.मी.
- हेक्टरी २०० किलो नत्र, १५० स्फुरद, २०० पालाश, नत्र हप्त्यांनी
- सुट्या फुलांसाठी सिंगल (एकेरी पाकळ्यांचे वाण): फुले रजनी, प्रज्वल, शृंगार
- दांड्यांसाठी डबल (भरगच्च पाकळ्यांचे वाण): सुवासिनी, वैभव
- तीन वर्षांनी प्लॉट मोडणे, त्याच रानात लगेच पुन्हा नाही

कंद शेजाऱ्याकडून आणत असाल तर त्याचा प्लॉट पावसाळ्यात एकदा बघून या. तिथं पाणी साचत असेल तर फुकट मिळाले तरी ते कंद नकोत. डबलचं फूल पावसाचं पाणी पाकळ्यांत धरून ठेवतं आणि कळ्या डागाळतात, म्हणून जास्त पावसाच्या पट्ट्यात मी सिंगलच लावायला सांगेन. सुटी फुलं पहाटे तोडा, दांडी तळाची एक-दोन फुलं उमलल्यावर कापा. गणपतीत फुलाला भाव चढतो आणि नेमके त्याआधीच्या महिन्यात प्लॉट बसतात, म्हणून ही घाई.

अंगणात चार कंद लावणाऱ्यांनाही हेच लागू. कुंडी निदान फूटभर खोल घ्या, तळाची भोकं मोकळी ठेवा, मातीत तिसरा हिस्सा वाळू घाला. दिवसाचे सहा तास ऊन हवं, नाहीतर नुसती पानं वाढतील. लावल्यापासून तीन-चार महिन्यांत दांडा येतो. वास संध्याकाळनंतर जोर धरतो, तेव्हा कुंडी रात्रीच्या बैठकीजवळ किंवा झोपायच्या खोलीच्या खिडकीपाशी ठेवा. फुलदाणीतल्या दांडीचं पाणी रोज बदला, खालचा बोटभर तुकडा कापत जा, वरच्या कळ्या उमलत राहतात. आणि कुंडीखालची ताटली पावसाळाभर काढून ठेवा.