हाय-रेझ स्ट्रीमिंग सर्व्हिसची तुलना करताय? या चुका टाळा

‘या सर्व्हिसचा आवाज त्या सर्व्हिसपेक्षा जास्त मोकळा वाटतो’ असं कुणी म्हणालं, की त्याला आधी एवढंच विचारावं: दोन्ही ॲपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी साधारण एकाच पातळीच्या आवाजात वाजवणारं सेटिंग) बंद केलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘ते काय असतं?’ म्हणजे तुलना झालीच नव्हती.

कोबझ, टायडल, ॲपल म्युझिक आणि ॲमेझॉन म्युझिक या चारही सर्व्हिस आज २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत लॉसलेस संगीत देतात. किलोहर्ट्झचा आकडा म्हणजे सॅम्पल रेट, आवाजाचे नमुने सेकंदाला किती हजार वेळा घेतले ते; बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदवला ते. सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपेक्षा वरचा दर्जा म्हणजे हाय-रेझ. लॉसलेस म्हणजे दाबून लहान केलेली फाइल उलगडली की मूळ डेटा जसाच्या तसा परत मिळतो. कोबझ आणि टायडल त्यासाठी फ्लॅक हा फाइलचा प्रकार वापरतात, ॲपल स्वतःचा ॲलॅक. त्यामुळे एकाच मास्टरची (रेकॉर्डिंगला प्रकाशनासाठी दिलेल्या अंतिम रूपाची), एकाच सॅम्पल रेटची फाइल दोन सर्व्हिसवर असेल, तर डॅकपर्यंत (डिजिटल डेटाचं ऐकता येईल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणापर्यंत) पोचणारा डेटाही सारखाच असायला हवा. तरीही फरक ऐकू येतोय? मग सर्व्हिसला श्रेय किंवा दोष देण्याआधी खालच्या जागा तपासा. फरक बहुधा तिथेच सापडतो.

आवाजाची पातळी न जुळवता ऐकणं

आपल्या कानाची एक खोड आहे. दोन आवाजांत अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असला तर ‘हा मोठा आहे’ असं लक्षात येत नाही. ‘हा जास्त स्वच्छ आहे, बेस जास्त भरीव आहे’ असं वाटतं. आता हे बघा: टायडल आणि स्पॉटिफाय यांचं नॉर्मलायझेशन साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज सरासरी किती मोठा वाटतो ते मोजण्याचं एकक) या पातळीला धरून चालतं, ॲपलचं साउंड चेक उणे १६ ला. दोन्हीकडे ते चालू ठेवून ऐकलंत तर दोन डेसिबलचा फरक ऐकण्याआधीच पडलेला असतो. एवढ्या फरकावर कुठलीही सर्व्हिस जिंकू शकते.

म्हणून तुलनेपुरतं हे सेटिंग सगळीकडे बंद ठेवा. इक्वलायझर, ‘साउंड एन्हान्समेंट’, फोन कंपनीने दिलेला डॉल्बी किंवा तत्सम इफेक्ट, हे सगळं बंद. ॲपमधला व्हॉल्यूम पूर्ण वर, आणि कमी-जास्त करायचं ते फक्त ॲम्पवर किंवा डॅकवर. ज्यांना नेमकेपणा हवा त्यांनी दोन्ही सर्व्हिसवर एकच टेस्ट टोन वाजवून ॲम्पच्या आउटपुटला मल्टीमीटर लावावा. फोनवरची डेसिबल मोजणारी ॲप्स ढोबळ अंदाजाला चालतात, पण ०.१ डेसिबलपर्यंत पातळी जुळवायची तर त्यांच्यावर विसंबू नका.

एकच गाणं समजून दोन वेगळी मास्टर ऐकणं

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. एखाद्या जुन्या अल्बमची एकाच सर्व्हिसवर चार-पाच रूपं असतात: मूळ सीडीच्या काळातलं मास्टर, नंतरचं रीमास्टर, डिलक्स आवृत्ती, कुठल्या तरी संग्रहातलं तेच गाणं, आणि वर हाय-रेझ म्हणून नव्याने आलेलं. तुम्ही गाण्याचं नाव शोधता तेव्हा एक ॲप यातलं पहिलं पुढे करतं, दुसरं ॲप तिसरं. रीमास्टर करताना डायनॅमिक रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) आवळून आवाज चढवलेला असेल तर तो फरक कुणालाही ऐकू येतो, अगदी स्वस्तातल्या इअरफोनवरही. त्याचा सॅम्पल रेटशी काहीही संबंध नसतो.

तपासायचं कसं? गाण्याच्या नावावर जाऊ नका, अल्बम उघडा. शेवटी असलेली कॉपीराइटची ओळ, लेबल आणि साल पाहा. गाण्याची लांबी सेकंदात ताडून बघा. दोन-तीन सेकंदांचा फरक दिसला तर बहुधा मास्टर वेगळं आहे. हे सगळं जुळलं तरच पुढे जा. आणि कधी कधी उलटंही करा: वेगवेगळी मास्टर मुद्दाम ऐका. एखाद्या अल्बमची १६ बिटची जुनी आवृत्ती तिच्या २४ बिटच्या रीमास्टरपेक्षा सरस वाटली तर दचकू नका. हे वारंवार घडतं.

याच जातीची दुसरी चूक डॉल्बी ॲटमॉसची. ॲटमॉस हा स्टिरिओपेक्षा वेगळा मिक्स असतो, वाद्यांच्या जागाही त्यात वेगळ्या असतात. शिवाय स्ट्रीमिंगवर येणारा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, म्हणजे लॉसी (काही डेटा कायमचा गाळलेल्या) स्वरूपात येतो. ॲपल म्युझिकमध्ये ॲटमॉस ‘ऑटोमॅटिक’ किंवा ‘ऑलवेज ऑन’ ठेवून हाय-रेझची तुलना करणारा माणूस प्रत्यक्षात हाय-रेझ ऐकत नसण्याचीच शक्यता जास्त. तुलनेच्या वेळी ते ‘ऑफ’ करा.

‘२४/१९२’ हा शिक्का म्हणजे मूळ रेकॉर्डिंगही तेवढंच होतं असंही नाही. १९८०च्या दशकात बरेच अल्बम १६ बिटच्या डिजिटल टेपवर, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड झाले. त्यांची फाइल पुढे कितीही मोठी केली तरी मुळात नसलेली माहिती त्यात येणार नाही. शंका असेल तर कोबझसारख्या ठिकाणी तो अल्बम विकत डाउनलोड करता येतो. ती फाइल स्पेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २२ किलोहर्ट्झच्या आसपास सगळं सुरीने कापल्यासारखं सरळ संपत असेल, तर ती ४४.१ वरून फुगवलेली आहे असं समजायला हरकत नाही. यात दोष सहसा सर्व्हिसचा नसतो. लेबल जी फाइल पाठवतं तीच ते वाजवतात.

ॲपमधल्या बॅजवर विश्वास ठेवणं

‘हाय-रेझ लॉसलेस’ हा बॅज इतकंच सांगतो की ॲपकडे येणारी फाइल त्या दर्जाची आहे. पुढे डॅकपर्यंत जाताना तिचं काय होतं, हे त्या बॅजला माहीत नसतं.

आयफोनवर ४८ किलोहर्ट्झच्या वर जायचं तर बाहेरून डॅक जोडावा लागतो, आणि ॲपलचा छोटा हेडफोन अडॅप्टर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवरच थांबतो. अँड्रॉइडचा मिक्सर (सगळ्या ॲपचे आवाज एकत्र करणारा भाग) बऱ्याच फोनवर सगळं ४८ किलोहर्ट्झला आणून ठेवतो, मग गाणं ४४.१ चं असो की १९२ चं. अँड्रॉइड १४ पासून यूएसबी डॅकला फाइल न बदलता पाठवण्याची सोय आली आहे, पण ॲपने ती वापरली तरच उपयोग. तोपर्यंत यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो हा खात्रीचा उपाय. त्याचा स्वतःचा ड्रायव्हर अँड्रॉइडच्या मिक्सरला वळसा घालतो आणि त्यात टायडल, कोबझ दोन्हींचं लॉगिन करता येतं.

विंडोजवर साउंड सेटिंग्जमध्ये डॅकसाठी जो डिफॉल्ट फॉरमॅट निवडलेला असतो, त्यात सगळं बदलून पुढे जातं. टायडल आणि कोबझच्या डेस्कटॉप ॲपमध्ये डॅक निवडून एक्सक्लुझिव्ह मोड चालू केला की ही अडचण जाते. त्या वेळी ब्राउझरचा किंवा मेसेजचा आवाज बंद पडला तर घाबरू नका, एक्सक्लुझिव्हचा अर्थच तो. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडा आणि गाणं चालू असताना तिथला आकडा बघा. गाण्याप्रमाणे रेट आपोआप बदलतोय असं गृहीत धरू नका.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण मात्र डॅकवरच असते. अनेक डॅकवर सॅम्पल रेट दाखवणारा डिस्प्ले किंवा रंग बदलणारा दिवा असतो. ४४.१ चं गाणं लावा, मग ९६ चं लावा. दिवा बदलला नाही तर वाटेत कुठेतरी रूपांतर होतंय. बॅज काहीही म्हणो, दिव्याचं ऐका.

आणि एक कंटाळवाणी पण नेहमीची गोष्ट: मोबाइल डेटा, वायफाय आणि डाउनलोड यांचा दर्जा बहुतेक ॲपमध्ये वेगवेगळा ठरवावा लागतो. स्पॉटिफायवर तर लॉसलेस प्रत्येक उपकरणावर वेगळं चालू करावं लागतं. आधी कमी दर्जात डाउनलोड केलेली गाणी सेटिंग बदलल्यावर आपोआप सुधारतील अशी आशा ठेवू नका. ती काढून पुन्हा उतरवून घ्या.

ब्लूटूथवर हाय-रेझचा निकाल लावणं

सीडीचा कच्चा डेटा सेकंदाला १,४११ किलोबिट असतो, २४/१९२ चा ९,२१६. एलडॅक हा ब्लूटूथवरचा कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) सर्वोत्तम परिस्थितीत ९९० किलोबिट पाठवतो, आणि सिग्नल कमजोर झाला की ६६० किंवा ३३० वर येतो. आयफोन ब्लूटूथवर एलडॅक देतच नाही, तिथे एएसी हा कोडेक. ॲपटीएक्स लॉसलेस हा कोडेक सीडीचा दर्जा पोचवू शकतो, पण फोन आणि हेडफोन दोघांतही तो हवा. ब्लूटूथ हेडफोन छान वाजू शकतात यात वाद नाही. मात्र त्यांवर दोन हाय-रेझ सर्व्हिसची तुलना केली, तर तुम्ही कोडेकच ऐकत राहता.

घरातल्या स्पीकरवर पाठवतानाही हेच बघायला हवं. गूगल कास्टची मर्यादा २४/९६ आहे, एअरप्ले सर्वसाधारणपणे १६/४४.१ वर चालतं. तुमच्या स्ट्रीमरमध्ये (नेटवर्कवरून गाणी घेऊन वाजवणाऱ्या उपकरणात) टायडल कनेक्ट किंवा कोबझ कनेक्ट असेल तर ते वापरा. मग स्ट्रीमर थेट सर्व्हिसकडून फाइल घेतो आणि फोन फक्त रिमोट उरतो.

अडखळलं की सर्व्हिसला दोष देणं

गाणं मध्येच थांबत असेल तर आधी दर्जा २४/९६ वर आणून बघा. लगेच सुरळीत झालं तर प्रश्न नेटवर्कचा आहे, आणि बहुधा इंटरनेटचा नाही तर घरातल्या वायफायचा. स्पीड टेस्ट चांगली येते म्हणून वायफाय ठीक आहे असं होत नाही. क्षणभर तुटणारं कनेक्शन त्या आकड्यात दिसत नाही. स्ट्रीमरला इथरनेट केबल लावा, ते जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरून बघा.

थांबत नाही, पण टक-टक असे आवाज येतात? मग यूएसबीची बाजू बघा: हब काढून डॅक थेट जोडा, केबल बदला, ड्रायव्हरमधला बफर वाढवा. नव्या गाण्याचं पहिलं अक्षर गिळलं जात असेल तर तो बिघाड नसतो. सॅम्पल रेट बदलला की डॅक क्षणभर मूक होऊन नव्या रेटला जुळवून घेतो. एका अल्बममध्ये असं होत नाही, मिश्र प्लेलिस्टमध्ये होतं, यावरून ओळखता येतं.

जागेचा हिशेबही करून ठेवा. ॲपलच्याच अंदाजानुसार १० जीबीमध्ये नेहमीच्या उच्च दर्जाची सुमारे ३,००० गाणी मावतात, लॉसलेस १,००० आणि हाय-रेझ लॉसलेस फक्त २००.

शिळ्या माहितीवर सबस्क्रिप्शन घेणं

या क्षेत्रातला दोन वर्षांपूर्वीचा सल्ला बऱ्याचदा कामाचा उरत नाही. टायडलसाठी एमक्यूए (हाय-रेझ फाइल लहान करून पाठवण्याची एक पद्धत) चालणारा डॅक घ्या, हे अजूनही ऐकायला मिळतं. टायडलने २०१७ मध्ये एमक्यूए आणलं होतं. एमक्यूएची मूळ कंपनी २०२३ मध्ये आर्थिक अडचणीत सापडली आणि जुलै २०२४ मध्ये टायडलने एमक्यूए काढून फ्लॅक घेतलं. त्याच वर्षी त्यांचे दोन वेगळे महागडे-स्वस्त प्लॅनही एक झाले. ॲमेझॉनने लॉसलेससाठीचे जादा पैसे २०२१ मध्येच बंद केले. ‘स्पॉटिफायवर लॉसलेस नाही’ हे वाक्यही सप्टेंबर २०२५ पासून जुनं झालं, मात्र तिथली मर्यादा २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ आहे.

मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज मानणं

४४.१ किलोहर्ट्झमध्ये सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर नोंदवता येतात, आणि माणसाची ऐकण्याची मर्यादा तरुणपणीही २० किलोहर्ट्झच्या आसपास. २००७ मध्ये मेयर आणि मोरन या अभ्यासकांनी हाय-रेझ डिस्कचा आवाज थेट आणि १६/४४.१ मधून फिरवून ऐकवला. ५५४ वेळा विचारलं, बरोबर उत्तरं आली २७६. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. गंमत म्हणजे या प्रयोगावरच्या लेखातच त्यांनी म्हटलं, की त्या डिस्क बहुतेक सीडींपेक्षा खरोखर चांगल्या वाजत होत्या, पण त्यामागचं कारण रेकॉर्डिंग आणि मास्टरिंगमध्ये घेतलेली काळजी. पुढे २०१६ मध्ये संशोधक जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ओळखण्याचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. प्रशिक्षित श्रोत्यांत त्याहून बरंच जास्त. फरक शून्य नाही, पण बारीक आहे. स्वतःची परीक्षा घ्यायची तर विकत घेतलेल्या फाइलवर फूबार २००० या प्लेअरचं एबीएक्स (कुठली फाइल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणारी चाचणी) वापरा. १६ पैकी किमान १२ वेळा बरोबर आलात, तर तो निव्वळ अंदाज नव्हता असं मानता येईल.

त्यामुळे लॉसलेसच्या पुढे सर्व्हिसची निवड मी तरी आवाजावर करणार नाही. तुमच्या आवडीचे तीस-चाळीस अल्बम ट्रायलच्या काळात प्रत्येक ठिकाणी शोधा, आणि हवं ते मास्टर आहे का ते बघा. ‘दहा कोटी गाणी’ हा आकडा सगळेच मिरवतात. सर्व्हिस तुमच्या देशात अधिकृतपणे सुरू आहे का, तुमच्या स्ट्रीमरमध्ये थेट चालते का, गाण्यांच्या मध्ये खंड न पडता अल्बम वाजतो का, हे पाहा. आणि साउंडीझसारख्या साधनाने प्लेलिस्ट हलवल्यात तर नंतर ती एकदा नजरेखालून घाला: अशी साधनं प्रामुख्याने नाव आणि कलाकार जुळवतात, त्यामुळे तुमच्या जुन्या मास्टरच्या जागी नवं रीमास्टर किंवा लाइव्ह आवृत्ती बसलेली असू शकते.