स्वादुपिंडाला सूज आणि डॉक्टर ऑपरेशन करत नाहीयेत, अशा वेळी नातेवाईकांनी काय बघायचं

माझ्या मेव्हण्याला पित्ताशयातल्या खड्यामुळे पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, झाला, अपघात नाही मार नाही, रात्री जेवून झोपला आणि पहाटे वरच्या पोटात अशी कळ आली की थेट पाठीत गेली. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एन्झाइम, नॉर्मलच्या तिपटीहून खूप वर. आम्ही सगळे सर्जनच्या मागे लागलो, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करा. ते नाही म्हणाले आणि बरोबरच म्हणाले, म्हणून हे लिहितेय.

सूज जोराची असली की स्वादुपिंडाचा काही भाग मरतो. सुरुवातीला हा मेलेला भाग आणि जिवंत भाग वेगळे झालेले नसतात, तेव्हा हात घातला की रक्तस्राव होतो. साधारण चार आठवड्यांनी भोवती जाड आवरण धरतं. तोवर सलाईन, वेदनेची औषधं, तोंडाने जात नसेल तर नाकातल्या नळीने फीड. त्यात इन्फेक्शन झालं तरी आधी अँटिबायोटिक, मग लागलाच तर बाहेरून ड्रेन, म्हणजे आतली घाण काढायला नळी, आणि त्यानेही भागलं नाही तर दुर्बिणीने सफाई. नेदरलँड्समध्ये 88 पेशंटवर हे तपासून बघितलं, 2010 ला छापून आलं, असं पायरीपायरीने गेलेल्यांत 35 टक्के नुसत्या ड्रेनवर निभावले.

पण थांबायचं नाही असेही प्रसंग असतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. पोट डमरूसारखं ताठ, लघवी कमी, श्वासाला त्रास, म्हणजे पोटातला दाब वाढलाय का ते विचारा, लघवीच्या नळीतूनच मोजतात, 20 mmHg च्या वर राहिला आणि नवीन अवयव बंद पडायला लागला तर आधी इतर उपाय करतात, नाहीच उतरला तर पोट उघडावं लागतं. आतडं काळं पडलं किंवा फुटलं तरी तेच. कावीळ, थंडी वाजून ताप आला तर पित्तनळी तुंबून सडतेय असं समजा, तिथे ऑपरेशन नाही, एंडोस्कोपीने ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळी मोकळी करणं, लागते आणि तीही 24 तासांत.

ड्रेनच्या पिशवीकडे रोज बघा हं. आमच्याकडे चिखलासारखं तपकिरी येत होतं, मधेमधे ओल्या कागदासारखे तुकडे, नर्स सलाईनने नळी धुवायच्या. ते चालतं. एका दुपारी अचानक लाल आलं, थोडंसंच, मी लगेच ओरडले आणि सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन, करून फुटलेली रक्तवाहिनी आतूनच बंद केली, पोट उघडावं लागलं नाही. थोडं लाल आलं तरी सकाळची वाट बघू नका.

म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, रात्री रक्तवाहिनी बंद करणारे रेडिओलॉजिस्ट इथे आहेत का, ईआरसीपी होते का. नसेल तर पेशंट हलवण्यासारखा आहे तोवरच हलवायचं बघा, आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते त्याच दिवशी आरोग्यमित्राला गाठून विचारा. पित्ताशयाचं काय तेही विचारायचं, सूज हलकी असेल तर त्याच ॲडमिशनमध्ये काढलेलं बरं, घरी पाठवून पुन्हा अटॅक येतो.