दुखणं अंगावर काढू नका: इंग्लंडमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

दरवर्षी नवीन मंडळी येतात, घर कुठे घ्यायचं, मुलांची शाळा, तुरीची डाळ कुठे चांगली मिळते हे सगळं मोकळेपणाने विचारतात, पण तब्येतीचं कोणी चारचौघांत विचारत नाही. मग दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मंडळाच्या कार्यक्रमात बाजूला घेऊन हळूच विचारतं, ताई, तुम्ही दुखण्यासाठी कुठे दाखवता? म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मला फायब्रोमायल्जिया (अंगभर सतत दुखणं आणि थकवा, थोडक्यात फायब्रो) आहे आणि थायरॉइड आहे, दोन्ही भारतातूनच सोबत आलेले, आणि इथे येऊन आता बरीच वर्षं झाली. फायब्रो असो, ल्युपस, एंडोमेट्रिओसिस, मायग्रेन, क्रोन्स काहीही असो, बाहेरून धडधाकट दिसणारं आणि आतून हातपाय गळून गेलेलं माणूस म्हणजे काय हे ज्यांना माहितीये त्यांच्यासाठी हे आहे. मी फक्त इंग्लंडचं सांगतेय, स्कॉटलंड आणि वेल्सचे बरेच नियम वेगळे आहेत.

निघायच्या आधी भारतातच एक काम करून या. तुमच्या डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घ्या, इंग्रजीत टाइप केलेलं, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट: काय आजार, कधी निदान झालं, कुठली औषधं, किती डोस. आणि औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँडचं नको. इथल्या डॉक्टरला थायरोनॉर्म म्हटलं तर काही कळणार नाही, लेव्होथायरॉक्सिन म्हटलं की लगेच कळतं. फाइलमधले जाडजूड रिपोर्ट आणा जरूर, पण ते कोणी वाचत बसत नाही, ते एक पानच वाचतात.

ज्यांना प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन चालू आहे त्यांनी हे नीट वाचा, आपल्याकडे ही औषधं नसांच्या दुखण्याला सर्रास देतात. इथे १ एप्रिल २०१९ पासून ती कंट्रोल्ड ड्रग (कायद्याने नियंत्रण असलेली औषधं) आहेत, ट्रामाडॉल तर त्याच्याही आधीपासून. तीन महिन्यांपेक्षा कमी साठा स्वतःसाठी आणायला वेगळं लायसन्स लागत नाही, पण डॉक्टरांचं पत्र हवं आणि औषध मूळ पाकिटात हवं, कप्प्याच्या डबीत सुटं करून आणू नका. आणि इथे आल्यावर जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) तेच औषध तसंच पुढे चालू ठेवेल असं धरून चालू नका. २०२१ साली नाइसने (इथे कुठला उपचार करावा याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था) दीर्घकालीन दुखण्यासाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यात फायब्रोसारख्या दुखण्याला ही औषधं नव्याने सुरू करू नका असं आहे, साधं पॅरासिटामॉलसुद्धा नको म्हणतात, त्याऐवजी व्यायाम, काही थेरपी, अ‍ॅक्युपंक्चर आणि अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिनसारखी औषधं. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं आपलं दुखणं हे लोक गंभीरपणे घेतच नाहीत, पण ते तसं नाहीये. आधीपासून चालू असलेलं औषध अचानक तोडायचं नाही हेही इथल्या डॉक्टरांना माहिती असतं, तुम्ही फक्त साठा संपायच्या बऱ्याच आधी त्यांच्यापर्यंत पोचा.

आल्याआल्या, म्हणजे खरंच पहिल्याच आठवड्यात, जीपीकडे नाव नोंदवा. आजारी पडल्यावर बघू असं करू नका. व्हिसाबरोबर तुम्ही हेल्थ सरचार्ज भरलेलाच आहे, वर्षाला १०३५ पौंड, विद्यार्थ्यांना आणि १८ च्या आतल्या मुलांना ७७६, त्यामुळे संकोच करायचं काही कारण नाही. नोंदणीला पत्त्याचा पुरावा किंवा पासपोर्ट कायद्याने लागत नाही, काही ठिकाणी रिसेप्शनवर मागतात, नसेल तर शांतपणे सांगा की एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) नियमात हे बंधनकारक नाहीये. आणि घराजवळ दोन-तीन सर्जरी (जीपीच्या दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात) असतील तर सगळ्यात जवळचीच घ्या असं नाही, तुमचा पत्ता ज्यांच्या हद्दीत येतो त्यातली कुठलीही निवडता येते.

आता मुख्य मुद्दा, काळजी घेणारा डॉक्टर कसा शोधायचा. पुण्या-मुंबईत आपण कसं करतो, कोणाच्या हाताला गुण आहे हे चार जणांना विचारतो आणि थेट त्या स्पेशालिस्टकडे जातो, एकाने नीट बघितलं नाही तर पुढच्या आठवड्यात दुसरा. इथे ती सोयच नाही. एनएचएसमध्ये जवळजवळ सगळं जीपीतून जातं, रक्ताची साधी तपासणीसुद्धा तुम्ही कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जाऊन करून घेऊ शकत नाही, जीपीने लिहून द्यावी लागते. स्पेशालिस्टकडे पाठवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवडे हे उद्दिष्ट आहे पण बऱ्याच ठिकाणी त्याहून खूप जास्त लागतात. म्हणजे तुमचा खरा डॉक्टर जीपीच, आणि न दिसणाऱ्या आजाराला चांगला डॉक्टर म्हणजे ज्याने तुम्हाला आधी बघितलंय तो. दर वेळी नवीन माणसासमोर पहिल्यापासून कहाणी सुरू केली की दहा मिनिटं तिथेच संपतात, आणि त्याच्यासमोर तुम्ही म्हणजे एक बरी दिसणारी बाई, जिचे रिपोर्ट नॉर्मल आहेत.

म्हणून बुकिंग करताना प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणायचं, मला अमुक डॉक्टरच हवेत, थांबायची तयारी आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक पेशंटला एक नेम्ड जीपी, म्हणजे नावाने ठरवून दिलेला डॉक्टर, असतो, हे बहुतेकांना माहितीच नसतं, रिसेप्शनवर विचारा माझा कोण आहे. प्रत्येक वेळी तोच भेटेल असं नाही आणि तोच तुम्हाला आवडेल असंही नाही, तुम्हाला दुसरं कोणी बरं वाटलं तर तसं सांगता येतं. सकाळी आठला फोन लावून ताटकळत बसण्यापेक्षा ऑनलाइन फॉर्म भरा, २०२५ च्या ऑक्टोबरपासून सर्जरी उघडी असते त्या सगळ्या वेळात तो चालू ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. आणि जुनं दुखणं असेल तर डबल अपॉइंटमेंट मागा, वीस मिनिटं मिळतात, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

एकाच डॉक्टरकडे टिकून राहण्याचा फायदा हा नुसता माझा अनुभव नाही. नॉर्वेत २०२१ मध्ये मोठा अभ्यास झाला होता, ज्यांचा जीपी पंधराहून अधिक वर्षं तोच होता त्यांना एक वर्षच झालेल्या लोकांच्या मानाने हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ बरीच कमी आली होती आणि मृत्यूचं प्रमाणसुद्धा साधारण एक चतुर्थांशाने कमी होतं.

माझ्या आधीच्या सर्जरीत (नाव लिहीत नाही) दर वेळी वेगळा चेहरा असायचा आणि दर वेळी तेच, नवीन देशात आल्याचा ताण आहे, चालायला जात जा. नंतर घर बदललं आणि दुसरीकडे नाव घातलं, तिथे एक डॉक्टर भेटल्या, त्यांनी दुखतं कुठे हे विचारायच्या आधी विचारलं, संध्याकाळी घरी गेल्यावर काय करता? मी सांगितलं की धुतलेल्या कपड्यांची टोपली वर न्यायची असते आणि मी अर्ध्या जिन्यात बसते, टोपली मांडीवर घेऊन, कारण वरही जाववत नाही आणि खालीही उतरवत नाही, मुलगा येऊन टोपली घेऊन जातो. त्यांनी कीबोर्डवरून हात काढला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं किती वेळ बसता. इतक्या सगळ्या भेटींमध्ये पहिल्यांदा कोणीतरी पुढचा प्रश्न विचारला होता. उपचार काही जादूचा निघाला नाही, रात्री अगदी कमी डोसची अमिट्रिप्टिलीन, फिजिओ, आणि दर तीन महिन्यांनी त्यांच्याकडेच फेरी, पण तिथून गाडी रुळावर आली.

यातून मला जे कळलं ते सांगते, इथे दुखणं शब्दांत मांडावं लागतं आणि ते आपल्याला जमत नाही. कसं आहे विचारलं की आपण म्हणणार, चाललंय, ठीक आहे. लहानपणापासून तेच शिकवलंय, दुखण्याचा बाऊ करायचा नाही. पण इथला डॉक्टर तुमच्या ठीक आहे वर विश्वास ठेवतो आणि तसंच लिहून ठेवतो. त्यामुळे 'अंग दुखतं' एवढ्यावर थांबू नका, त्याने काय होत नाही ते सांगा. कणीक मळली की नंतर केस विंचरायला हात वर जात नाही. ऑफिसातून आल्यावर कोट काढायच्या आधी आडवं व्हावं लागतं. आठ तास झोपूनही सकाळी अंग मोडून आलेलं असतं. महिन्यातले किती दिवस असं होतं ते कॅलेंडरवर टिंब करून ठेवा आणि तो कागद दाखवा. वाचायला सोपं, खोटं वाटत नाही आणि ऐन वेळी रडू आलं तरी कागद बोलतो.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे काही झालेलं नाही असं नसतं, फायब्रोला दाखवणारी रक्ताची तपासणीच नाहीये. तपासण्या होतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला, थायरॉइड, लोह, बी१२, ड जीवनसत्त्व, सूज दाखवणारे सीआरपी वगैरे. आपल्यात शाकाहारी बरेच म्हणून बी१२ नक्की विचारा. आणि ड जीवनसत्त्वाचं, इथल्या हिवाळ्यातल्या उन्हाने ते तयारच होत नाही, सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम घ्यावं असा एनएचएसचाच सल्ला आहे, भारतातली साठ हजार युनिटची पाकिटं मनाने घेत बसू नका. ल्युपसचा संशय असेल तर गालावरचं लाल चट्ट्याचं चित्र पुस्तकात गोऱ्या चेहऱ्यावरचं असतं, आपल्या रंगावर ते जांभळट किंवा गडद दिसतं, उठेल तेव्हा उजेडात फोटो काढून ठेवा. डॉक्टरने टॉकिंग थेरपी (समुपदेशन) सुचवली तर चिडू नका, बरेच जण तिथेच सोडून देतात. खरा प्रश्न हा की त्याबरोबर बाकीचं बघणं चालू आहे का. तेवढ्यावरच फाइल मिटवली असेल तर मात्र सांगा, मला दुसऱ्या डॉक्टरचं मत हवंय. इथे याला उद्धटपणा मानत नाहीत. तरी नाही जमलं तर सर्जरी बदला, कारण द्यावं लागत नाही.

इंग्रजी अडतं त्यांच्यासाठी, विशेषतः आईवडील आले असतील तर, दुभाषा फुकट मिळतो, बुकिंगच्या वेळीच सांगायचं. नवऱ्याला किंवा मुलांना मध्ये घालू नका. पाळीचं, लघवीचं, मनाचं बाई मुलासमोर बोलत नाही आणि मग डॉक्टरपर्यंत अर्धंच पोचतं.

औषधांचा खर्च: २०२४ च्या मेपासून इंग्लंडमध्ये एका औषधाला ९.९० पौंड. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिनची गोळी कायम चालू असेल तर जीपीकडून एफपी९२ए फॉर्म भरून मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट घ्या, मग फक्त थायरॉइडचंच नाही तर सगळीच एनएचएसची औषधं मोफत. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनाही ते मिळतं. फायब्रो, ल्युपस त्या यादीत नाहीत, हे मला अजूनही चुकीचं वाटतं, त्यांनी प्रीपेमेंट सर्टिफिकेट घ्यावं, वर्षाचे ११४.५० भरले की कितीही औषधं घ्या.

नोकरीत सांगायचं की नाही हा सगळ्यांचा प्रश्न, आणि व्हिसा कंपनीच्या हातात असल्यामुळे भीती वाटते, ती भीती खोटी नाही. पण २०१० चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट (अपंगत्वावरून भेदभाव होऊ नये आणि कामात वाजवी सोयी मिळाव्यात यासाठीचा कायदा) व्हिसावरच्या माणसालाही लागू आहे. बारा महिने किंवा जास्त चालणारा आणि रोजच्या कामावर ठळक परिणाम करणारा आजार असेल तर त्यात मोडतो, दिसायलाच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. मॅनेजरला आजाराचं नाव सांगत बसण्यापेक्षा काय हवंय ते ईमेलवर लिहा, चांगली खुर्ची, दोन दिवस घरून काम, सकाळी उशिरा सुरुवात. तोंडी बोलणं झालं तरी नंतर ईमेल टाकाच. सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पुढे फिट नोट लागते. एक सावधगिरी, पीआयपी नावाचा, दीर्घ आजार किंवा अपंगत्व असलेल्यांचा सरकारी भत्ता कोणीतरी सुचवेल, तुमच्या व्हिसावर नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत अशी अट) असेल तर त्याला अर्ज करू नका, व्हिसाच्या नियमांचा भंग होतो.

घरच्यांचं काय करायचं यावर माझ्याकडे फारसं उत्तर नाही. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणतात चेहरा तर छान दिसतोय, त्यांचं चुकत नाही, त्यांना चेहराच दिसतो. नवऱ्याला मात्र एकदा तरी अपॉइंटमेंटला सोबत न्या. आपण दहादा सांगितलेलं डॉक्टरच्या तोंडून एकदा ऐकलं की घरात फरक पडतो, आमच्याकडे पडला, रात्रीची भांडी आणि वीकेंडच्या पोळ्या तेव्हापासून त्यांच्याकडे आहेत.

लंडनमध्ये रोज ट्यूबने जाणाऱ्यांनी 'प्लीज ऑफर मी अ सीट' चा निळा बिल्ला मागवून घ्या, फुकट घरी येतो, पुरावा मागत नाहीत. आणि भारतात जाताना विमानतळावर हिरव्या पट्टीवर पिवळी सूर्यफुलं असलेली लॅनयार्ड (गळ्यात घालायची पट्टी, न दिसणाऱ्या आजाराची खूण) मागा, २०१६ मध्ये गॅटविकला सुरू झाली, आता हीथ्रोलाही मिळते, गळ्यात असली की सिक्युरिटीला घाई करत नाहीत. लांबच्या रांगेत उभं राहवत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर असिस्टन्सही लिहून टाका. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, प्रिस्क्रिप्शनच्या कागदासकट, आणि परत येताना महिनाभराची जास्तीची उरतील एवढी निघायच्या आधीच भरून घ्या, कारण सुट्टीवरून आल्यावर लगेच अपॉइंटमेंट मिळेलच असं नाही.