ढोलकी-तबल्याचे सॅम्पल: कापताना आधी कान, मग डोळे

रेकॉर्डिंगमधून ढोलकीचा किंवा तबल्याचा एकेक बोल सुटा काढताना, म्हणजे त्याचं सॅम्पल कापताना, पहिला अंदाज कानानेच घ्या. बोल लूपवर (पुन्हा पुन्हा वाजत राहील असा) लावा, स्क्रीनकडे पाहू नका आणि सुरुवातीची कड थोडी थोडी पुढे सरकवा. बोलाची धार गेली असं वाटलं की लगेच मागे या. वेव्हफॉर्ममधलं (स्क्रीनवर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखातलं) सगळ्यात उंच टोक म्हणजे सुरुवात, असं धरून कापणारे पुष्कळ आहेत. पण त्या टोकाआधी बोट चामड्यावर आपटल्याचा बारीक आवाज असतो. चित्रात तो नगण्य दिसतो, आणि 'ना' ठसठशीत वाटतो तो बराचसा त्याच्यामुळेच. 44.1 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची 44,100 मोजमापं होतात तेव्हा, एक मिलिसेकंद म्हणजे जेमतेम 44 सॅम्पल (इथे सॅम्पल म्हणजे असं एकेक मोजमाप). झूम कमी असेल तर ते दिसणारही नाहीत.

जागा ठरली की डोळे कामाला लावा. पूर्ण झूम करून लाट शून्य रेषा ओलांडते तो सर्वांत जवळचा बिंदू पकडा, नाहीतर 'टिक' ऐकू येईल. स्टिरिओत दोन्ही चॅनेल बहुधा एकाच बिंदूला शून्यावर नसतात. तिथे अगदी छोटा, अर्ध्या मिलिसेकंदाचा फेड-इन (आवाज शून्यापासून चढवत नेणं) पुरतो.

शेपटीला पुन्हा कानच लागतो. डग्ग्याच्या 'घे'ची आस (मागे घुमत राहणारा नाद) रेषा सपाट दिसू लागल्यावरही बराच वेळ ऐकू येते. हेडफोनवर आवाज वाढवून ती संपेपर्यंत थांबा, मग फेड-आउट द्या. आवाज वाढवण्याआधी लूप मात्र बंद करा. नाहीतर पुढचा ठोका थेट कानात बसतो!