पीसी बंद होत नाही? फॉरमॅटचं नंतर बघू

डेस्कटॉप सपोर्टच्या कामाला नवीन लागलेल्या मुलाला मी सुरुवातीला ही तक्रार मुद्दाम देतो. दिसायला सोपी असते, आणि नव्वद टक्के मुलं थेट फॉरमॅटचा पेनड्राइव्ह घेऊन निघतात.

आधी ग्राहकासमोर बसून शटडाउन करा आणि नुसतं बघा. 'शटिंग डाउन'वर गोल फिरतच राहतो का? स्क्रीन काळी होते पण पंखा चालू राहतो का? की पूर्ण बंद होऊन दोन सेकंदांत पुन्हा सुरू होतो? तिन्हींची कारणं वेगळी. एक सांगून ठेवतो, बंद केल्यावर माउसचा लाल दिवा जळत राहणं हा बिघाड नाही. मेन स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच असतो.

काळी स्क्रीन आणि फिरता पंखा, हे मला सगळ्यात जास्त भेटलेलं दुखणं. एका टॅक्स सल्लागारांच्या ऑफिसात काका म्हणाले, "रोज रात्री बंद करूनच जातो हो." टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर अप टाइम, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे ते, बघितला, तर सोळा दिवस! काका खोटं बोलत नव्हते. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. त्यात शटडाउन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, मात्र हायबरफिल नावाच्या फाइलमध्ये जपून ठेवला जातो, म्हणून अप टाइम शून्यावर येत नाही. एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) या अर्धवट झोपेत अडकला की पंखा फिरत बसतो.

खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टवर 'शटडाउन', मग स्लॅश एस, स्लॅश टी आणि शून्य. हा पूर्ण शटडाउन असतो. याने मशीन नीट बंद झालं तर संशय फास्ट स्टार्टअपवर. पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगमधून त्याची टिक काढा. मग मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि इंटेल मॅनेजमेंट इंजिनचे ड्रायव्हर घाला. काकांचं काम एवढ्यातच झालं.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, बघायची सवय लावा, पण तारतम्याने. त्यात प्रत्येक घटनेला क्रमांक असतो. १०७४ म्हणजे शटडाउनचा हुकूम कोणी दिला याची नोंद. ४१, कर्नल-पॉवर, म्हणजे मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. हा लाल शिक्का दिसला की मुलं एसएमपीएस बदलायला सांगतात. अरे, ग्राहकाने वैतागून बटण दाबून धरलं तरी ४१ येतोच!

बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' काढून टाका. शटडाउनच्या वेळी निळी स्क्रीन येऊन जात असेल तर आता ती थांबेल आणि कोड वाचता येईल. निळी स्क्रीन नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून मशीन चालू होणं, आणि कीबोर्डने चालू होण्याची सेटिंग तपासा. कॅबिनेटचं पॉवर बटण चिकटलेलं असणं हेही एक कारण. मदरबोर्डवरून त्या बटणाची दोन पिनांची वायर काढा, त्याच दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून मशीन चालू करा, मग शटडाउन करा. नीट बंद राहिलं तर दोष बटणात.

'शटिंग डाउन'वर अडकत असेल तर प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क काढून बघा. अपडेट चालू असेल तर चहा प्या. रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातला) सर्व्हिस थांबण्याचा वेळ, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम बंद व्हायला विंडोज किती थांबतं तो, कमी करायला सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. तो मुळातच ५००० मिलिसेकंद असतो. हिशोबाचा डेटाबेस चालणाऱ्या मशीनवर तो अजून कमी करणं म्हणजे डेटा बिघडायला निमंत्रण.

आणि जॉबशीटवर 'पीसी ठीक केला' असं लिहू नका. 'फास्ट स्टार्टअप बंद केलं' असं लिहा. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ते कधीकधी पुन्हा चालू झालेलं सापडतं, आणि तेव्हा फोन उचलणारा मुलगा दुसराच असतो.