ट्यूब प्रीअँपचा आवाज फाटतोय? व्हॉल्व्ह बदलण्याआधी या चुका टाळा

ट्यूब प्रीअँप म्हणजे अँप्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारा, काचेच्या ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह असलेला सेट. त्याचा आवाज फाटायला लागला की पहिला संशय व्हॉल्व्हवर. ‘व्हाल्व गेलो असतलो रे, नवो घाल,’ हे आमच्या सिंधुदुर्गातलं ठरलेलं निदान. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १२एएक्स७ या व्हॉल्व्हची नवी जोडी मागवली जाते, चांगले पैसे मोजले जातात आणि आवाज फाटायचा तो फाटतोच. प्रीअँपमधला छोटा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं काम देतो. किनाऱ्यावर त्याच्या आधी हात टेकतात ते सॉकेट, कपॅसिटर आणि घरात येणारी वीज. म्हणून शोध तिथून सुरू करावा.

आधी जिवाचं बोलू. आत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणाऱ्या डब्यांत) ते बराच वेळ टिकतात. इन्सुलेटेड क्लिप लावलेल्या १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवा आणि शून्य झालेत हे मीटरवर बघूनच हात घाला. चालू सेटवर मोजायचं असेल तर मीटरची काळी वायर चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, क्लिपने लावा, लाल प्रोब एका हाताने धरा, दुसरा हात खिशात. पावसाळ्यात लादीला ओल सुटलेली असते, तेव्हा अनवाणी तर नकोच. हे जमणार नसेल तर सेट जाणत्या माणसाकडे न्या. त्यात कमीपणा काही नाही.

आवाज कधी फाटतो हे न बघताच सेट उघडणे

एकाच बाजूचा फाटतो की दोन्ही? फक्त जोरकस जागांवर, की हळू आवाजातही? सुरू केल्या केल्या, की तापल्यावर? अर्ध निदान इथेच होतं. ऐकायला पेटीचा लांब धरलेला सूर लावा. तबल्याच्या थापेत फाटणं लपून जातं, धरलेल्या सुरात खरखरीत कड लगेच कानाला लागते.

एकाच बाजूचा फाटत असेल तर सेट बंद करून, गार झाल्यावर, डावीउजवीकडचे व्हॉल्व्ह आपसात बदला. दोष व्हॉल्व्हबरोबर पलीकडे गेला तर व्हॉल्व्ह दोषी. जागेवरच राहिला तर नवीन जोडीचे पैसे वाचले. काचेच्या टोकाचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर मात्र आत हवा शिरली आहे, त्या व्हॉल्व्हला निरोप द्या.

सीडी प्लेअर थेट जुन्या सर्किटला जोडणे

दोन्ही बाजू सारख्याच आणि फक्त मोठ्या आवाजाच्या जागांवर फाटत असतील तर बिघाड नसण्याचीच शक्यता जास्त. व्हॉल्व्हमध्ये तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते गोळा करते आणि मधला ग्रिड आलेल्या सिग्नलप्रमाणे तो प्रवाह कमीजास्त करतो. १२एएक्स७ च्या नेहमीच्या जोडणीत, म्हणजे प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम आणि सप्लाय २५० व्होल्टच्या आसपास, कॅथोडवर साधारण १.२ व्होल्ट मिळतात. ग्रिडला सिग्नल झेलायला तेवढीच जागा, हाच बायस. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारी डबी) २ व्होल्ट देतो, आणि त्याचं शिखर जातं २.८ व्होल्टपर्यंत. ग्रिड पॉझिटिव्ह होऊन करंट ओढू लागतो आणि लाटेचा माथा कापला जातो. जुनी सर्किटं ट्यूनर आणि टेपच्या काळातली, तेव्हा इनपुटला याच्या अंशानेच व्होल्टेज येत असे.

व्हॉल्यूमचा पॉट (फिरवायचं बटण) पहिल्या व्हॉल्व्हच्या नंतर असेल तर तो कमी करून फक्त हळू फाटलेला आवाज मिळतो. फोन जोडून बघा. फोनचाच आवाज निम्म्यावर आणल्यावर सूर स्वच्छ झाला तर कारण सापडलं. इनपुटला १०० किलोओहम सिरीजमध्ये आणि तिथून ग्राउंडला ३३ किलोओहम लावले की सिग्नल पाव होतो.

खारी ओल विसरणे

आपल्याकडचा खरा चोर हा. १२एएक्स७ च्या सॉकेटवर १ नंबरची पिन प्लेटची, तिला खेटून २ नंबरची ग्रिडची. एकीवर दीडशेच्या वर व्होल्ट, दुसरीवर शून्य असायला हवेत. मध्ये सॉकेटचं दोन-तीन मिलिमीटर बेकेलाइट, म्हणजे जुनं कडक प्लॅस्टिक. त्यावर धूळ बसते, धुळीत खाऱ्या वाऱ्याचं मीठ मुरतं आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की मीठ ओल ओढून घेतं. त्या थराचा रोध २०० मेगाओहमपर्यंत घसरला तरी पुरे. ग्रिडच्या १ मेगाओहम रेझिस्टरवर पाऊण व्होल्ट उभे राहतात. १.२ व्होल्टच्या बायसमध्ये पाऊण व्होल्टची घुसखोरी! कॅथोड थोडं सावरून घेतो, पण निम्मंच.

वेंगुर्ल्याहून आलेल्या एका सेटमध्ये नेमकं हेच होतं. व्हॉल्व्ह कोरे करकरीत, उजवी बाजू चांगली, डावी फाटलेली. उजव्या प्लेटवर १६५ व्होल्ट, डावीवर १४०. डाव्या ग्रिडवर ०.७ व्होल्ट. अर्ध्या तासाने सेट तापला तसा तो आकडा ०.२ वर उतरला आणि आवाजही सुधारला. व्हॉल्व्ह काढून भिंगातून पाहिलं तर १ नंबरच्या पिनभोवती हिरवट चुरा आणि तिथून २ नंबरकडे गेलेला धुरकट पट्टा.

असं सॉकेट साफ करताना सँडपेपर वापरू नका, पिनवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज लवकर येतो. रॉकेल, पेट्रोलही नको, आणि तेलकट स्प्रेने धूळ अजून चिकटते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश पुरतो. मग हेअर ड्रायरची कोमट हवा द्या, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय प्लग लावू नका. बेकेलाइट काळवंडलं असेल तर साफसफाईत वेळ न घालवता सिरॅमिक सॉकेट बसवा. किनाऱ्यावरच्या सेटला मी तरी दुसरं सुचवणार नाही.

कपलिंग कपॅसिटरवर आंधळा विश्वास

वरच्याच्या उलट लक्षण: सुरुवातीला आवाज ठीक, अर्ध्या तासाने फाटायला लागतो. कपलिंग कपॅसिटर एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या टप्प्याला देतो आणि डीसी अडवतो. तापल्यावर त्यातून डीसी गळू लागला की असंच होतं. पुढच्या टप्प्याच्या ग्रिडवर डीसी मोजा. सापडलं तर सेट बंद करून त्या टप्प्याचा व्हॉल्व्ह काढा, सेट चालू करा आणि पुन्हा मोजा. व्हॉल्व्ह नसताना व्होल्ट गेले तर दोष व्हॉल्व्हचा. राहिले तर कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोडवून परत मोजा. आता गेले तर कपॅसिटर, तरीही राहिले तर सॉकेट. दर वेळी सोल्डरिंगआधी फिल्टर कपॅसिटरमधले व्होल्ट उतरवायचे, हे विसरू नका. मेणकागदी जुने कपॅसिटर तर न मोजताच काढावेत, ओल पिणं हा त्यांचा स्वभावच. तेवढ्याच कपॅसिटन्सचा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन बसवा. व्हॉल्यूमचा पॉट फिरवताना खरखर येत असेल तरी आधी तिथे डीसी गळतंय का पाहा.

कॅथोडवर शून्य व्होल्ट दिसले तर त्याचा बायपास कपॅसिटर (कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर लावलेला) शॉर्ट झालेला असू शकतो. प्लेटचे जुने कार्बन रेझिस्टरही मोजा, दमट हवेत त्यांचा रोध वर सरकतो.

संध्याकाळची वीज न मोजणे

दुपारी गोड वाजणारा सेट साताला फाटतो? मे महिन्यात वाडीतले सगळे पंप, पंखे, फ्रिज एकदम चालू असतात. २३० चे १९० व्होल्ट झाले की ६.३ व्होल्टच्या हीटरला (कॅथोड तापवणाऱ्या तारेला) ५.२ मिळतात. खालची मर्यादा ५.७. कॅथोड पुरेसा तापत नाही, प्लेटचा सप्लायही खाली येतो. हीटरचे व्होल्ट सॉकेटच्या ४-५ जोडलेल्या पिना आणि ९ नंबर यांच्यामध्ये, आवाज फाटत असतानाच मोजा. दुपारचा आकडा काही सांगत नाही. इथे औषध एकच, स्टॅबिलायझर.

पावसाळ्यात सेटवर प्लॅस्टिक घालू नका, ओल आतच कोंडते. सुती कापड टाका आणि रोज अर्धा तास सेट चालू ठेवा. गावाला महिनाभर जाणार असाल तर व्हॉल्व्ह काढून डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि सेट कपाटात १५ वॅटच्या बल्बजवळ, बल्बपासून वीतभर लांब. बल्ब जुना पिवळा हवा, एलईडीने कपाट उजळेल, सुकणार नाही.